काळा, भरड, जड: गॅब्रो ओळखण्याची आणि त्याची घडण वाचण्याची पद्धत

गॅब्रो ओळखताना बहुतेक जण पहिल्याच पावलाला चुकतात, कारण ते रंगापासून सुरुवात करतात. दगड काळा दिसला की आपल्याकडे त्याला बसाल्ट म्हणतात, फरशीच्या दुकानात त्याला ग्रॅनाइट म्हणतात, आणि पुस्तकात 'गडद, भरडकणी' एवढंच वाचलेला विद्यार्थी त्याला गॅब्रो म्हणून मोकळा होतो. तिघांनीही दगड पाहिलेला असतो, कण पाहिलेले नसतात.

खालची पद्धत भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, डोंगर चढताना दगड उचलून पाहणाऱ्यांसाठी आहे, आणि ओट्यासाठी घेतलेली काळी फरशी नेमकी कशाची, हे जाणून घ्यायची इच्छा असणाऱ्यांसाठीही आहे. क्रम मात्र मोडू नका: ताजा पृष्ठभाग, कणांचा आकार, खनिजं, प्रमाण, वजन, परिसर. रंग सर्वांत शेवटी.

## आधी हे डोक्यात पक्कं ठेवा

गॅब्रो हा शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, जमिनीखाली सावकाश थंड होऊन बनलेला खडक आहे. त्यात सिलिका साधारण 45 ते 52 टक्के असते. लोह, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम भरपूर, पोटॅशियम अगदी कमी. बसाल्टाचं रासायनिक घटकमानही याच पट्ट्यात येतं, म्हणून दोघांना वेगळं करायला रसायन नव्हे, कणांचा आकार लागतो.

खनिजं मुख्यतः दोन. एक, कॅल्शियमयुक्त प्लॅजिओक्लेज फेल्स्पार, म्हणजे लॅब्राडोराइट किंवा बायटाउनाइट. दुसरं पायरोक्सीन, बहुधा ऑजाइट. सोबत ऑलिव्हीन, थोडं हॉर्नब्लेंड, मॅग्नेटाइट, इल्मेनाइट, अ‍ॅपेटाइट असू शकतं. क्वार्ट्झ जवळजवळ नसतंच. हाताशी असलेल्या दगडात क्वार्ट्झचे दाणे सहज दिसत असतील, तर तो गॅब्रो नाही.

## तयारी: पिशवीत काय हवं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. हे नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही.
- भूवैज्ञानिक हातोडी, डोळ्यांना गॉगल, जाड हातमोजे.
- पोलादी चाकू किंवा मोठा खिळा.
- दोऱ्याला बांधलेलं लहान पण जोरदार चुंबक.
- थेंबनळीच्या बाटलीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल. हे कॉलेजच्या प्रयोगशाळेतूनच घ्यावं. घरी असाल तर पांढरं व्हिनेगर चालेल, फक्त परिणाम हळू दिसतो.
- स्प्रिंग काटा किंवा डिजिटल लटकता काटा, नायलॉनचा दोरा, बादली.
- मिलिमीटरच्या खुणांची पट्टी, वही, न पुसणारं पेन, चिकटपट्टी.
- पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदावर आखलेली 5 मिलिमीटर चौकटींची जाळी.

सावध: गॉगल न लावता हातोडी उचलू नका. भरडकणी कठीण खडकाच्या कपच्या बंदुकीच्या छऱ्यासारख्या उडतात. किल्ले, लेणी, देवळं, अभयारण्यं इथे एकही घाव घालू नका. खाणीत जायचं तर मालकाची परवानगी आणि सुरुंगाची वेळ, दोन्ही आधी विचारा.

## टप्पा 1: ताजा पृष्ठभाग मिळवा

उघड्यावर पडलेल्या दगडाची साल खोटं बोलते. पायरोक्सीन आणि ऑलिव्हीनमधलं लोह गंजून तपकिरी होतं, प्लॅजिओक्लेज मळकट पांढरं पडतं, आणि वरून शेवाळ किंवा धोंडफूल बसतं. अशा सालीवरून गॅब्रो आणि त्याचे नातलग खडक डोलेराइट, डायोराइट सगळे सारखेच दिसतात.

मोठ्या खडकाला हात लावू नका. पायथ्याशी पडलेला, मुठीएवढा किंवा थोडा मोठा, कोपरे अजून धारदार असलेला तुकडा निवडा. कडेवर तिरका घाव घाला. मधोमध मारलेला घाव दगड चुरतो आणि ठेचलेले कण पांढरे दिसतात. नवशिके त्या पांढऱ्या ठिपक्यांनाच फेल्स्पार समजतात.

फुटलेली बाजू पाण्याने धुवा. ओली असताना एकदा बघा, वाळल्यावर पुन्हा बघा. ओलेपणात दाण्यांच्या सीमा उठून दिसतात आणि कोरडेपणात चमक कळते.

फरशी तपासत असाल तर पॉलिश केलेली वरची बाजू आणि न घासलेली खालची किंवा कापलेली कड, दोन्ही बघा. पॉलिशवर खनिजांच्या सीमा छान दिसतात, पण पाटन, म्हणजे खनिज ज्या सपाट प्रतलांवर फुटतं ती प्रतलं, पॉलिशवर दिसत नाहीत.

तपासा: ताज्या बाजूवर कुठेही तपकिरी साय उरली नाही ना? उरली असेल तर अजून एक तुकडा काढा. पुढचं सगळं याच पृष्ठभागावर अवलंबून आहे.

## टप्पा 2: कणांचा आकार मोजा, अंदाज करू नका

पट्टी ठेवा आणि निदान वीस-पंचवीस दाणे मोजा. सर्वांत मोठा दाणा मोजून थांबू नका. सरसकट दाणे किती मोठे आहेत हे हवं आहे.

पाठ्यपुस्तकांमधली नेहमीची विभागणी अशी: 1 मिलिमीटरपेक्षा लहान ते सूक्ष्मकणी, 1 ते 5 मिलिमीटर मध्यमकणी, 5 मिलिमीटरच्या वर भरडकणी. प्रत्यक्षात बरेच अभ्यासक 2-3 मिलिमीटरच्या दाण्यांच्या खडकालाही गॅब्रो म्हणतात. म्हणून कोणती सीमा वापरली ते वहीत लिहा. त्याच घटकमानाचा मध्यमकणी खडक म्हणजे डोलेराइट, सूक्ष्मकणी म्हणजे बसाल्ट.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकांची हमखास होणारी फसगत सांगायलाच हवी. सह्याद्रीत, विशेषतः थळ घाटाच्या भागात, बसाल्टाचे असे थर आहेत की त्यांत प्लॅजिओक्लेजच्या कित्येक सेंटिमीटर लांब पट्ट्या सुट्ट्या विखुरलेल्या दिसतात. पाहणारा लगेच 'भरडकणी' असं लिहून टाकतो. त्या पट्ट्यांच्या मधलं द्रव्य भिंगाखाली बघा. ते काळं, एकजीव, दाणे न दिसणारं असेल तर तो बसाल्टच. मोठे स्फटिक शिलारसात आधीच वाढले आणि मग लाव्हा वर येऊन बाकीचं झटकन गोठलं. गॅब्रोत असा बारीक भराव नसतो. दाण्याला दाणा भिडलेला असतो, मधे रिकामी किंवा काळसर 'भरणी' नसते.

दुसरी फसगत पांढऱ्या ठिपक्यांची. दख्खनच्या बसाल्टात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या झिओलाइट, कॅल्साइट किंवा कॅल्सेडोनीने भरलेल्या असतात. हे ठिपके गोल, लांबट किंवा बदामी असतात. फेल्स्पारचे दाणे पट्टीसारखे, सरळ कडांचे असतात. शिवाय बुडबुड्याच्या कडेला बहुधा हिरवट किंवा काळपट अस्तर असतं.

तपासा: दगडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दाणे दिसतात का? एखादा भाग जरी भिंगातही 'काळा आणि निर्विकार' राहिला, तर तो गॅब्रो म्हणून पुढे नेऊ नका.

## टप्पा 3: खनिजं एकेक करून ओळखा

हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा. सावकाश करा, आणि उन्हात करा. ट्यूबलाइटच्या उजेडात पाटनाची चमक कळत नाही.

प्लॅजिओक्लेज. दगड हातात हळूहळू फिरवा. एका विशिष्ट कोनाला काही दाणे आरशासारखे चमकतील. त्या चमकत्या प्रतलावर भिंग धरा आणि समांतर, अगदी बारीक, पट्टीने आखल्यासारख्या रेषा शोधा. या रेषा जुळ्या स्फटिकांमुळे येतात आणि प्लॅजिओक्लेजची ती खूण आहे. सगळ्या दाण्यांवर त्या दिसणार नाहीत, पण पाच-सात दाण्यांवर तरी दिसायला हव्यात. कठिनता (1 ते 10 च्या मोह्स मापावर) 6 ते 6.5, म्हणजे साध्या चाकूने ओरखडा उठत नाही.

आता रंगाचा सापळा. ताज्या गॅब्रोतलं प्लॅजिओक्लेज पांढरंच असतं असं नाही. त्यात लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण अडकलेले असले की ते करडं, कधी जवळजवळ काळं दिसतं. त्यामुळे संपूर्ण काळ्या दिसणाऱ्या फरशीत अर्ध्याहून जास्त फेल्स्पार असू शकतं. 'काळा म्हणजे सगळं पायरोक्सीन' हा निष्कर्ष इथेच कोसळतो, आणि म्हणूनच रंगाला मी शेवटच्या रांगेत बसवलं आहे.

पायरोक्सीन. काळं, हिरवट काळं किंवा तपकिरी काळं. दाणे आखूड, ठोकळ्यासारखे. पाटनाची दोन प्रतलं जवळजवळ काटकोनात, 87 आणि 93 अंशांवर भेटतात, म्हणून तुटलेल्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. कठिनता 5.5 ते 6. हॉर्नब्लेंडही काळंच, पण त्याची पाटनं 56 आणि 124 अंशांवर असतात, दाणे लांबट असतात आणि चमक जास्त तेज असते. एकच दाणा बघून ठरवू नका. दहा दाण्यांचे कोन बघा आणि बहुमत काय म्हणतं ते घ्या.

ऑलिव्हीन. बाटलीच्या काचेसारखा हिरवा किंवा पिवळसर हिरवा, दाणेदार, पाटन जवळपास नाहीच. ते लवकर बिघडतं. लालसर तपकिरी डाग किंवा हिरवट काळं, मऊ, साबणासारखं सर्पेंटाइन दिसलं तर तिथे आधी ऑलिव्हीन होतं का, याचा विचार करा.

मॅग्नेटाइट. दोऱ्याला टांगलेलं चुंबक दगडाजवळ न्या. ते ओढलं गेलं तर मॅग्नेटाइट आहे. ही चाचणी गॅब्रो सिद्ध करत नाही, कारण बसाल्टही चुंबक ओढतो. ती फक्त एक खनिज नोंदवते. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या कुलिन पर्वतरांगेत गॅब्रोतल्या मॅग्नेटाइटमुळे होकायंत्र भरवशाचं राहत नाही. तशा भूभागात दिशा मोजताना यंत्र खडकापासून दूर धरा आणि दोन-तीन जागी पडताळा.

आम्ल. ताज्या गॅब्रोवर फेस येत नाही. भेगांत कॅल्साइट भरलेलं असेल तर फक्त भेगेत फेस येतो, म्हणून थेंब दाण्यावर टाका, भेगेवर नाही. ओट्याच्या काळ्या कडप्प्यावर मात्र थेंब पडताच फेस येतो, कारण तो चुनखडक आहे. चाकूनेही त्यावर ओरखडा उठतो, लिंबाच्या रसाने डाग पडतो. कडप्पा आणि 'काळा ग्रॅनाइट' यांतला फरक असा एका मिनिटात कळतो. चाचणी मात्र न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करा.

सावध: फरशीत निळी झाक दिसली म्हणजे लॅब्राडोराइट, आणि लॅब्राडोराइट म्हणजे गॅब्रो, ही साखळी चुकीची आहे. बाजारात 'ब्लू पर्ल' नावाने येणारा निळ्या चमकीचा दगड नॉर्वेतला लार्विकाइट असतो. त्याची चमक वेगळ्या फेल्स्पारची आहे आणि तो गॅब्रो नाही.

## टप्पा 4: प्रमाण मोजा

'प्लॅजिओक्लेज भरपूर, पायरोक्सीन बरंच' ही नोंद कुणाच्याच उपयोगाची नाही. पॉलिश केलेली फरशी किंवा कापलेला सपाट तुकडा असेल तर मोजणी घरीच होते.

1. पारदर्शक जाळी तुकड्यावर ठेवा आणि कडा चिकटपट्टीने पक्क्या करा.
2. जाळीचा प्रत्येक छेदबिंदू ज्या खनिजावर पडतो ते नोंदवा. 10 गुणिले 10 सेंटिमीटर जागेत 5 मिलिमीटरची जाळी साधारण 400 बिंदू देते. तेवढे पुरेत.
3. प्रत्येक खनिजाची संख्या एकूण बिंदूंनी भागा आणि टक्केवारी काढा.

दोन चुका इथे वारंवार होतात. पहिली, दाणे जाळीच्या चौकटीपेक्षा मोठे असले तर एकच दाणा चार-पाच वेळा मोजला जातो. तेव्हा 1 सेंटिमीटरची जाळी घ्या आणि मोठ्या क्षेत्रावर मोजा. दुसरी चूक जास्त मानवी आहे: बिंदू सीमेवर पडला की मोजणारा नकळत ठळक दिसणाऱ्या काळ्या दाण्याच्या पारड्यात टाकतो. नियम आधीच ठरवा, उदाहरणार्थ सीमेवरचा बिंदू नेहमी उजवीकडच्या दाण्याचा, आणि तो शेवटपर्यंत पाळा.

नेहमीच्या गॅब्रोत गडद खनिजं साधारण 35 ते 65 टक्के येतात. गडद खनिजं त्याहून कमी असतील तर फिकट गॅब्रो, जास्त असतील तर गडद गॅब्रो. प्लॅजिओक्लेज 90 टक्क्यांच्या वर गेलं तर खडकाचं नाव अनॉर्थोसाइट. प्लॅजिओक्लेज 10 टक्क्यांखाली आलं तर तो पेरिडोटाइट-पायरोक्सिनाइटच्या, म्हणजे जवळजवळ फक्त गडद खनिजांच्या खडकांच्या गटात जातो.

## टप्पा 5: वजनाची चाचणी

हातावर तोलून 'जड आहे' म्हणणं पुरेसं नाही. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे दगड तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड, हे काढायला दहा मिनिटं लागतात.

1. अर्धा ते एक किलोचा, भेगा नसलेला तुकडा घ्या. बुडबुडे निघून जावेत म्हणून अर्धा तास पाण्यात ठेवा, मग वरवर पुसा.
2. दोऱ्याने काट्याला टांगून हवेतलं वजन घ्या.
3. तसाच टांगलेला तुकडा बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवा. तो तळाला किंवा भिंतीला टेकता कामा नये. पाण्यातलं वजन घ्या.
4. हवेतलं वजन भागिले, हवेतलं वजन वजा पाण्यातलं वजन.

उदाहरणार्थ हवेत 600 ग्रॅम आणि पाण्यात 400 ग्रॅम भरलं, तर 600 भागिले 200, म्हणजे 3.0. ताज्या गॅब्रोचं विशिष्ट गुरुत्व बहुधा 2.9 ते 3.1 च्या दरम्यान येतं. ग्रॅनाइट 2.65 च्या आसपास, कडप्प्यासारखा चुनखडक 2.7 च्या आसपास.

सावध: ही चाचणी गॅब्रोला ग्रॅनाइटपासून वेगळं करते, बसाल्ट-डोलेराइटपासून नाही. घटकमान तेच असल्यामुळे त्यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. शिवाय ऑलिव्हीनचं सर्पेंटाइन झालेलं असेल तर आकडा खाली घसरतो. आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला तर आधी टप्पा 3 मधली बिघाडाची खूण पुन्हा शोधा.

## टप्पा 6: नातलगांपासून वेगळा करा

इथपर्यंत आलात म्हणजे दगड भरडकणी, प्लॅजिओक्लेज-पायरोक्सीनचा आणि जड आहे. आता नेमकं नाव.

पायरोक्सीन ऑजाइटऐवजी एन्स्टाटाइट-हायपरस्थीन प्रकारचं असेल तर नाव नोराइट. पायरोक्सीन जवळजवळ नसून ऑलिव्हीन आणि प्लॅजिओक्लेज असेल तर ट्रॉक्टोलाइट. दोन्ही गॅब्रोच्या कुटुंबातलेच. हातातल्या नमुन्यावर ऑजाइट आणि हायपरस्थीन यांतला फरक खात्रीने सांगता येत नाही. तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. 0.03 मिलिमीटर जाडीचा पातळ काप करून ध्रुवीय सूक्ष्मदर्शकाखालीच तो ठरतो. तिथे काप फिरवताना ऑर्थो प्रकारचं, म्हणजे एन्स्टाटाइट-हायपरस्थीन, पायरोक्सीन उभ्या छेदात पाटनाला समांतर असताना काळोखतं (पूर्ण काळं दिसतं), ऑजाइट तिरक्या कोनात.

डायोराइट हा परीक्षेतला आवडता प्रश्न. त्यातही प्लॅजिओक्लेज असतं, पण सोडियम जास्त असलेलं. सीमा आहे 50 टक्के अनॉर्थाइट (प्लॅजिओक्लेजमधला कॅल्शियमचा घटक): त्याच्या वर गॅब्रो, खाली डायोराइट. हातातल्या दगडावर प्लॅजिओक्लेजचं घटकमान कळत नाही, म्हणून आधार घ्यावा लागतो हॉर्नब्लेंड आणि अभ्रक यांचा. लांबट हॉर्नब्लेंड मुख्य गडद खनिज असेल, चमकत्या काळ्या अभ्रकाच्या पापुद्र्या असतील, खडक मीठ-मिरीसारखा ठिपकेदार असेल तर डायोराइटची शक्यता मोठी. पण ती शक्यताच. वहीत 'बहुधा' लिहा आणि पातळ कापाची वाट बघा.

अँफिबोलाइट पूर्व विदर्भात आणि सिंधुदुर्गात जुन्या खडकांमध्ये भेटतो. तो रूपांतरित खडक आहे. हॉर्नब्लेंडचे दाणे एका दिशेने ओळीत लागलेले दिसले, दगड एका दिशेला सोपा फुटला, तर रूपांतर झालेलं आहे. मूळ गॅब्रो असूनही आज तो गॅब्रो नसतो, आणि त्याचं आजचं नाव लिहायचं असतं.

चार्नोकाइट, दक्षिणेकडचा, गडद आणि तेलकट चमकीचा. त्यात क्वार्ट्झ असतं, अनेकदा निळसर झाकीचं. क्वार्ट्झ शोधा आणि प्रश्न संपवा.

राहता राहिला दुकानातला 'काळा ग्रॅनाइट'. त्यात डोलेराइट, गॅब्रो, नोराइट असे निरनिराळे गडद खडक एकाच नावाखाली विकले जातात. खरा ग्रॅनाइट क्वार्ट्झने भरलेला आणि फिकट असतो. ओट्याला हा दगड उत्तम टिकतो, त्याबद्दल शंका नको. फक्त वर्गात नमुना म्हणून नेताना लेबलावर दुकानाचं नाव लिहू नका, खडकाचं लिहा.

## टप्पा 7: सापडलेल्या जागेला साक्षीला बोलवा

दगड कुठे मिळाला हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष पुरा होत नाही. दख्खनच्या पठारावर लाव्हाच्या थरांतून उचललेला काळा दगड गॅब्रो असण्याची शक्यता फारच थोडी, कारण ते थर पृष्ठभागावर गोठलेले आहेत. धुळे-नंदुरबारकडे लांबलचक भिंतींसारख्या उभ्या टेकड्या दिसतात. त्या लाव्हाच्या थरांत घुसून गोठलेल्या शिलारसाच्या भित्ती आहेत आणि त्यांतला दगड बहुधा डोलेराइट असतो.

दख्खनच्या ज्वालामुखी काळाशी निगडित गॅब्रो पाहायचा तर सौराष्ट्रातल्या गिरनारचं उदाहरण आहे. जुनागढजवळच्या या डोंगरात लाव्हाच्या थरांमध्ये शिलारस घुसून गॅब्रो, डायोराइट, सायनाइट असा पातालीय, म्हणजे जमिनीखाली गोठलेल्या, खडकांचा समूह तयार झाला. दत्तदर्शनाला जाणारे हजारो मराठी भाविक दरवर्षी या डोंगराच्या पायऱ्या चढतात. पुढच्या वेळी भिंग खिशात ठेवा. पण फक्त पाहा: ते तीर्थक्षेत्र आहे आणि भोवती अभयारण्य आहे, तिथे हातोडीचं काम नाही.

गोव्यात उसगाव परिसरात फार जुना, थरयुक्त मॅफिक-अल्ट्रामॅफिक (लोह-मॅग्नेशियमने भरलेल्या गडद खडकांचा) समूह आहे आणि त्यात गॅब्रो येतो. जांभ्याखाली झाकलेल्या त्या भूभागात ताजा दगड मिळवणं हेच अर्धं काम असतं.

तपासा: नमुना जागेवरचाच आहे का? रस्त्याच्या खडीतला, रेल्वेमार्गाच्या कडेचा किंवा बांधकामाच्या ढिगातला दगड कित्येक किलोमीटरवरून आलेला असू शकतो. अशा नमुन्याला परिसराचा पुरावा लागू होत नाही.

## टप्पा 8: घडण वाचा

आता दगड कसा बनला ते विचारायची वेळ. ओळख पक्की होण्याआधी हा टप्पा घेतला की माणूस आवडती कथा दगडावर लादतो.

पृथ्वीच्या कवचाखालचं प्रावरण मुख्यतः पेरिडोटाइटचं, आणि घनच. ते वर सरकलं की दाब कमी होतो आणि त्याचा थोडा अंश वितळतो. त्या वितळण्यातून बसाल्टी शिलारस मिळतो. तो वर येऊन सांडला तर बसाल्ट. वाटेतच कोठीत अडकून साधारण 1200 अंश सेल्सिअसपासून सावकाश निवत गेला तर गॅब्रो. मध्यसागरी पर्वतरांगांखाली हेच सतत चालू आहे: 6-7 किलोमीटर जाडीच्या सागरी कवचात वर उशीसारखे बसाल्ट, त्याखाली उभ्या भित्तींची गर्दी, आणि सर्वांत खाली, निम्म्याहून जास्त जाडीचा, गॅब्रो. ओमानच्या डोंगरांत असं कवच जमिनीवर ढकललं गेलेलं आहे, त्यामुळे हा क्रम तिथे पायी चालत पाहता येतो.

नमुन्यात कोण आधी आणि कोण नंतर ते असं वाचा. ज्या दाण्याच्या कडा स्वतःच्या, नीटस आहेत तो आधी वाढला. जो दुसऱ्यांच्या मधली जागा भरून वेडावाकडा झाला तो नंतर. प्लॅजिओक्लेजच्या पट्ट्या एका मोठ्या पायरोक्सीनने पोटात घेतलेल्या दिसल्या, तर पट्ट्या आधीच्या. सागरी कवचाच्या कोरड्या शिलारसात बहुधा ऑलिव्हीन, मग प्लॅजिओक्लेज, मग ऑजाइट असा क्रम येतो. शिलारसात पाणी जास्त असेल तर प्लॅजिओक्लेज मागे पडतं आणि हॉर्नब्लेंड दिसू लागतं.

इथल्या तीन चुका सर्वांत जास्त नुकसान करतात.

'गॅब्रो म्हणजे बसाल्टाचं भरड रूप, म्हणून गॅब्रोचं रासायनिक पृथक्करण म्हणजे शिलारसाचं घटकमान.' पहिला भाग वर्गीकरणापुरता खरा, दुसरा बहुतेक वेळा खोटा. कोठीत स्फटिक आधी तयार होऊन साचतात आणि उरलेला द्रव निघून जातो. अनेक गॅब्रो असे साचलेल्या स्फटिकांचे खडक आहेत. वरणाच्या पातेल्यातली तळाची डाळ तपासून वरच्या पाण्याची चव सांगता येत नाही, तसंच हे. दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे 205 कोटी वर्षांपूर्वीच्या बुशवेल्ड समूहात या साचण्यामुळेच क्रोमाइटचे, म्हणजे क्रोमियमच्या खनिजाचे, वेगळे काळे थर तयार झाले आणि प्लॅटिनमही मोजक्या थरांत गोळा झालं. नमुना साचलेल्या स्फटिकांचा वाटत असेल, म्हणजे एका खनिजाचे नीटस दाणे खच्चून भरलेले आणि मधे दुसऱ्याची भरणी असेल, तर रासायनिक आकड्यांवरून शिलारसाबद्दल बोलू नका.

'थर दिसतात म्हणून गाळाचा खडक.' ग्रीनलंडमधल्या स्केरगार्ड समूहात गॅब्रोचे फिकट-गडद थर इतके ठळक आहेत की छायाचित्रावरून वाळूचा दगड वाटावा. थर बघून ठरवू नका. थरातले दाणे गोलसर झिजलेले आहेत की एकमेकांत गुंतलेले, ते बघा. गुंतलेले असतील तर अग्निजन्य.

'दाणे जितके मोठे तितकी खोली जास्त.' दाण्याचा आकार खोली सांगत नाही. थंड होण्याचा वेग, किती ठिकाणी स्फटिक अंकुरले आणि शिलारसात पाणी किती होतं, या तिन्हींवर तो अवलंबून असतो. जाड शिलापट्टाच्या (थरांमध्ये आडव्या घुसून गोठलेल्या शिलारसाच्या) मध्यभागी, फारशा खोलीवर नसतानाही, गॅब्रोइतके भरड दाणे मिळतात. त्याच शिलापट्टाची कड मात्र सूक्ष्मकणी असते. म्हणून एका तुकड्यावरून खोली सांगू नका. कडेपासून मध्यापर्यंत निदान तीन-चार नमुने घेऊन दाणे कसे बदलतात ते पाहा.

## टप्पा 9: नोंद आणि लेबल

नमुन्याच्या सपाट बाजूवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या, वाळला की क्रमांक लिहा, आणि तोच क्रमांक वहीत. कागदी चिठ्ठी पिशवीत टाकून समाधान मानू नका. ओलाव्यात चिठ्ठी जाते आणि नमुना निनावी होतो.

वहीतली नोंद या क्रमाने: जागा आणि नमुना जागेवरचा की सुटा, ताज्या बाजूचं वर्णन, दाण्यांचा सरासरी आकार आणि वापरलेली सीमा, खनिजं आणि त्यांची टक्केवारी, चुंबक आणि आम्लाचा निकाल, विशिष्ट गुरुत्व, बिघाडाच्या खुणा, दाण्यांचा क्रम, शेवटी नाव. रंग लिहायचाच तर आता लिहा, आणि ताज्या बाजूचा व सालीचा असे दोन वेगळे लिहा.

नाव लिहिताना खात्रीची पातळी नावातच दिसू द्या. नुसत्या भिंगावरचं काम असेल तर 'गॅब्रोसदृश खडक' लिहा. पातळ कापात ऑजाइट आणि पन्नास टक्क्यांवरचं अनॉर्थाइट दिसल्यावर 'गॅब्रो', आणि ऑलिव्हीन 5 टक्क्यांच्या वर मोजलं गेलं असेल तर 'ऑलिव्हीन गॅब्रो'. कापाचा क्रमांकही त्याच ओळीत लिहा, म्हणजे पुढचा अभ्यासक तुमचं नाव पडताळू शकेल किंवा बदलू शकेल.